साथ येण्याआधी गावात पोहोचणारा पशुवैद्य कसे व्हावे

इंदूरमधल्या मराठी घरांतून पशुवैद्यकाकडे वळणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्यांदा हेच सांगतो, की आजारी जनावर बरे करणे आणि गावात आजार शिरू न देणे ही दोन वेगळी कामे आहेत व दुसऱ्याची तयारी निराळी करावी लागते.

शिक्षणासाठी लांब जावे लागत नाही. बारावीनंतर ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा देऊन इंदूरजवळच्या महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात प्रवेश घेता येतो. ते १९५५ पासूनचे आहे. पदवी आंतरवासितेसह (इंटर्नशिपसह) साडेपाच वर्षांची असते. पुढे साथरोगशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घ्यावे. आणि माळवी बोलायला शिकावे, कारण गोठ्यातली खरी माहिती त्याच बोलीत मिळते.

नोकरीत सर्वांत जास्त लक्ष लसीच्या पेटीकडे द्यावे. लाळ-खुरकुत या जनावरांच्या तोंडा-खुरांच्या साथरोगाची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. उन्हाची काळजी सगळेच घेतात, पण ती गोठली तरी वाया जाते. म्हणून बाटली बर्फाला थेट टेकू देऊ नये, मध्ये जाड पुठ्ठा ठेवावा. एकदा महूजवळच्या एका गावात पेटी उघडली तेव्हा कडेच्या बाटल्या गोठलेल्या निघाल्या. पहाटेपासून जनावरे बांधून थांबलेल्या लोकांना परत पाठवताना मला फार वाईट वाटले, तरी ती लस मी टोचली नाही.

घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या जीवघेण्या रोगांचे लसीकरण पावसाळ्यापूर्वी उरकावे, लाळ-खुरकुताचे दर सहा महिन्यांनी करावे, आणि प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक तिथल्या तिथे नोंदवावा. साथ सुरू झालीच, तर बाहेरच्या निरोगी गावांपासून आत येत लस द्यावी, आजारी गोठ्यात शेवटी जावे आणि प्रत्येक जनावराला नवी सुई वापरावी.

जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर काळपुळीची (अँथ्रॅक्सची) शंका घेऊन शव मुळीच फाडू नये. हवा लागताच जंतूंचे बीजाणू बनतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात. अशा वेळी कानाच्या शिरेतले थोडे रक्त काचपट्टीवर घेऊन तपासणीला पाठवावे, आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार संशयित आजार कळवण्यात दिरंगाई करू नये.

दूध संकलन केंद्रावर आठवड्यातून एकदा तरी बसावे. कोणाचे दूध एकाएकी घटले, हे तिथे दवाखान्याच्या आधी कळते. ज्या फेरीत एकही आजारी जनावर आढळले नाही, तिचीही तारीख नोंदवहीत लिहावी. बुळकांडी हा गुरांचा साथरोग जगातून संपल्याचे २०११ मध्ये जाहीर करता आले, त्यामागे लसीइतकीच अशा फेऱ्यांची पाळत होती.