गोव्यात गॅरेजच्या जमिनीला कोटिंग आणि कपाटं करायची तर आधी काय काय तयार ठेवायचं

घरात एकदा ठरलं की गॅरेजच्या जमिनीला इपॉक्सी (रेझिनचं कडक कोटिंग) मारायचं, कपाटं करायची आणि चतुर्थीच्या आधी सगळं उरकायचं, की सगळ्यात आधी तो चतुर्थीचा मुहूर्त डोक्यातून काढा. आमच्याकडे तिथेच चुकलं. ऑगस्टमध्ये पावसाने चार दिवस उघडीप दिली म्हणून एका ठेकेदाराने दोन दिवसांत राखाडी कोटिंग मारून दिलं, चतुर्थीला आलेल्या सगळ्यांनी छान झालंय म्हणून सांगितलं, आणि पुढच्या जुलैत जमिनीवर रुपयाएवढे फुगे आले, नखाने फोडले तर आत पाणी. जिथे गाडीची चाकं उभी राहतात तिथले तर पापुद्रेच निघाले. खाली ओल आहे का हे त्याने तपासलं नाही आणि तपासायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. उखडलेलं कोटिंग घासून काढायला नवं मारण्याएवढीच मेहनत लागते, म्हणून आता जे शिकले ते सगळं लिहून ठेवतेय.

तर पहिली गोष्ट, तपासणी पावसाळ्यात आणि काम उन्हाळ्यात. हे उलटं झालं की पुढचं सगळं बिघडतं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, आणि विहीर काठोकाठ भरलेली असते तेव्हा स्लॅबखालची मातीही तेवढीच भिजलेली असते. फेब्रुवारीत जमीन कोरडी खडखडीत दिसेल, टेस्टही पास होईल, पण जुलैत खालून जी ओल चढणार ती तेव्हा दिसतच नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्येच दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवा, चारी कडा रुंद टेपने पक्क्या चिकटवा आणि किमान १६ तास तसाच राहू द्या, मी पूर्ण दिवस ठेवते. दुसऱ्या दिवशी उचलल्यावर आतल्या बाजूला पाण्याचे थेंब असतील किंवा खालचं काँक्रीट काळपट पडलेलं असेल तर ओल खालून येतेय. एकाच जागी करू नका, शटरजवळ, मधे, आणि ज्या भिंतीला बाहेरून माती लागलेली असते तिच्या कडेला अशा तीन ठिकाणी तरी करा. आमच्याकडे मधला तुकडा कोरडा होता आणि भिंतीकडचा ओलाचिंब.

ज्याने घर बांधलं त्याला, किंवा घरातल्या जाणत्या माणसाला, हेही विचारा की पीसीसी, म्हणजे जमिनीचं साधं काँक्रीट, घालताना खाली प्लॅस्टिक शीट टाकली होती का. जुन्या घरांत बहुतेक नसते, चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे) तुकडे आणि माती ठोकून वर सरळ काँक्रीट घातलेलं असतं, आणि चिरा तर स्पंजासारखा पाणी ओढतो. अशी जमीन असेल आणि ऑगस्टच्या टेस्टमध्ये पाणी दिसलं असेल तर माझं स्पष्ट मत, इपॉक्सीच्या मागे लागूच नका. ओल अडवणारे खास प्रायमर मिळतात, पण महाग असतात, आणि बारीक भोकंही न ठेवता एकसारखे लावणारा माणूस मिळाला तरच उपयोग. त्यापेक्षा कोटा घाला, नाहीतर जाड पार्किंग टाइल्स, नाहीतर काँक्रीट घासून त्याला डेन्सिफायर मारा, तो काँक्रीटच्या आत जाऊन वरचा थर घट्ट करतो, वर पापुद्रा बनतच नाही त्यामुळे उखडण्याचा प्रश्न नाही, फक्त तेलाचे डाग अडवायला तो एकटा पुरत नाही. कोटा घेतला तर पॉलिश केलेला नको, ओल्या टायरने आणि ओल्या चपलेने माणूस सरळ घसरतो, खरखरीत फिनिशचा घ्या, आणि लक्षात ठेवा की कोटा म्हणजे चुनखडीचाच दगड, बॅटरीचं अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर सांडलं तर कायमचा डाग. टाइल्स घेतल्या तर खाली पूर्ण भरून चिकटवून घ्या, ठिपके ठिपके मसाला लावलेली टाइल जॅक लावला की फुटते. आमच्या दिराची बाईक साइड स्टँडवर एकाच जागी उभी असायची, तिथली टाइल सहा महिन्यांत गेली, आता खाली रबराचा तुकडा ठेवतो.

जमीन कोरडी निघाली तर मग इपॉक्सीकडे वळा, आणि दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हा की हे दोन डब्यांचं आहे का. खरं इपॉक्सी म्हणजे रेझिन वेगळं, हार्डनर वेगळा. एकाच डब्यात येणाऱ्या रंगावर इपॉक्सी लिहिलेलं असलं तरी ते गाडीखाली टिकत नाही. दोन डब्यांतही पाण्यात बनवलेलं पातळ असतं, त्याचा थर कागदाएवढा बसतो, स्टोअररूमला ठीक. गाडी रोज आत-बाहेर होणार असेल तर सॉल्व्हंट नसलेलं जाड इपॉक्सी घ्या. आणि त्यावर पीयू (पॉलीयुरेथेन) किंवा पॉलीअ‍ॅस्पार्टिकचा टॉपकोट हवाच, कारण उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं, शटरजवळच्या दोन-तीन फुटांत ते आधी दिसतं, शिवाय टॉपकोट असला की गरम टायरचा त्रासही कमी होतो. हा गरम टायरचा प्रकार नीट समजून घ्या. फोंड्याहून पणजीला जाऊन आलेली गाडी आत उभी राहते तेव्हा टायर तापलेले असतात, रबरातलं तेलकट द्रव्य कोटिंगला मऊ करतं, मग टायर थंड होऊन आकसतात आणि कच्चं चिकटलेलं कोटिंग सोबत ओढून घेतात. पापुद्रे नेमके चाकांखालीच का निघतात त्याचं उत्तर हे.

रंग फार पांढरट नको, आपली लाल माती टायरला चिकटून आत येतेच, मधल्या राखाडीत किंवा फ्लेक्स (रंगीत बारीक चकत्या) टाकलेल्यात ती झाकली जाते. ओल्यावर घसरू नये म्हणून वरच्या कोटात बारीक क्वार्ट्झ वाळू टाकायला सांगा, आणि हे आधी कागदावर लिहून घ्या, नंतर टाकता येत नाही.

आता जमिनीची तयारी, जिच्यात कोणीही घाई करू देऊ नये. नवं काँक्रीट असेल तर किमान २८ दिवस, आणि आपल्याकडे त्याहून जास्तच थांबा. तेलाचे डाग असतील तर आधी धुण्याचा सोडा नाहीतर डिग्रीजर घालून ब्रशने घासा, कारण तेलावर ग्राइंडिंग केलं तर तेल पसरतं. मग डायमंड ग्राइंडिंग, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या चकतीच्या मशीनने जमीन घासणं, व्हॅक्यूम लावून, आणि आत असणाऱ्या प्रत्येकाला चांगला मास्क, ती धूळ फुप्फुसात बसते. अ‍ॅसिडने धुऊन देतो म्हणणारे भेटतील, स्वस्त पडतं, पण पाणी पुन्हा जमिनीत मुरतं, अ‍ॅसिडच्या वाफेने आजूबाजूचं सगळं लोखंड गंजतं, आणि नीट धुतलं नाही तर मीठ आतच राहतं. मी तरी ग्राइंडिंगच सांगेन. झाल्यावर हात फिरवून बघा, बारीक सँडपेपरसारखं लागलं पाहिजे, आणि पाण्याचे दोन-चार थेंब टाका, थेंब मोत्यासारखे वर राहिले तर अजून तेल किंवा जुना सीलर शिल्लक आहे, लगेच शोषले गेले तर ठीक. भेगा व्ही आकारात कापून इपॉक्सी पुट्टीने भरा, पण स्लॅबमध्ये मुद्दाम सोडलेला जॉइंट कडक पुट्टीने बुजवू नका, तो हलणारच. उतार बघायची वेळही हीच, शटरकडे १०० ला १ एवढा तरी हवा, नाहीतर पावसात गाडीवरून निथळलेलं पाणी कपाटांच्या पायाशी जाऊन थांबतं.

कामाच्या दिवसासाठी आर्द्रता आणि तापमान दाखवणारं छोटं यंत्र आणून ठेवा, फार महाग नसतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी आणि जमीन दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊन बसतं त्यापेक्षा) किमान ३ अंश गरम हवी. हे ऐकायला जड वाटतं पण हिशोब सोपा आहे, हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २६ येतो, आणि सकाळी सावलीतली जमीन २७ अंशांवर असू शकते, म्हणजे फरक फक्त एक अंश, डोळ्यांना न दिसणारा ओलावा आधीच बसलेला. त्यावर मारलेल्या कोटवर पांढरट चिकट थर येतो आणि पुढचा कोट धरत नाही. म्हणून जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंतचा काळ धरा, प्रायमर दुपार कलल्यावर लावायला घ्या, जमीन तापायची थांबलेली असते त्यामुळे आतली हवा वर येऊन बारीक भोकं पडत नाहीत, आणि संध्याकाळी दव पडायच्या आत शटर खाली. एप्रिल-मेमध्ये मिसळलेला माल बादलीतच लवकर घट्ट होतो, तेव्हा तर अजून घाई होते. मिसळताना वजनकाट्यावर मोजून, ड्रिलला पॅडल लावून हळू स्पीडवर ३ मिनिटं, काठीने ढवळणाऱ्याला थांबवा. पायी चालायला दुसऱ्या दिवशी चालतं, गाडी मात्र ७ दिवस बाहेर, त्यामुळे शेजारी गाडी लावायला आधीच विचारून ठेवा.

कपाटं जमिनीनंतरच, कधीही आधी नाही. आधी माप घ्या, तेही गाडी आत लावून आणि दरवाजे उघडून. १० फूट रुंदीच्या गॅरेजमध्ये छोटी गाडी उभी केली की दोन्ही बाजूंची मिळून जेमतेम सव्वाचार फूट जागा उरते, त्यात किचनसारखं २४ इंच खोल कपाट घातलं तर आजींना गाडीतून उतरताच येणार नाही, १६ इंच पुरे होतं.

मटेरियलचं म्हणाल तर समुद्र किती जवळ आहे त्यावर सगळं. कळंगुट, मिरामार, बेतुल अशा बाजूला खारी हवा पावडर कोटिंगच्या एका ओरखड्यातून आत शिरते आणि आतून पत्रा खात जाते, वरून रंग शाबूत दिसतो. तिथे अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची कपाटं करून घ्या, आपल्याकडे गावोगावी फॅब्रिकेटर ते करतात. स्टीलच हवं असेल तर ३१६ ग्रेड, ३०४ वर किनाऱ्याला तांबूस डाग येतात. डिचोली, सांगे, फोंडा अशा आतल्या भागात पावडर कोटिंगचा पत्रा चालतो, पण १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिमी, २२ गेजचा शेल्फ हत्यारांनी वाकतो. मेस्त (सुतार) प्लायवूड सुचवेल, त्याला विचारा आयएस ७१० चा (मरीन प्लायचा) शिक्का आहे का, आणि कापलेल्या कडा सील केल्याशिवाय बसवू देऊ नका, ओल आणि वाळवी दोन्ही कडेनेच शिरतात. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड गॅरेजमध्ये अजिबात नाही, एका पावसात फुगतात. डब्ल्यूपीसीला (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या बोर्डाला) पाणी आणि वाळवीची भीती नाही, पण लांब शेल्फ जड सामानाने लवतो, दर दोन फुटांवर आधार द्या. बिजागऱ्या, स्क्रू आणि ड्रॉवरचे चॅनल आधी स्वतः हातात घेऊन बघा, कपाट चांगलं आणि बिजागरी साध्या लोखंडाची असं फार होतं, दुसऱ्या पावसाळ्यात दार लोंबतं. बिजागऱ्या स्टेनलेसच्या मागा.

भिंत चिऱ्याची असेल तर साध्या अँकर बोल्टवर वरची जड कपाटं लटकवू नका, चिरा भुसभुशीत, गिलाव्यात फक्त पकडल्यासारखं वाटतं. केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून बसवलेला बोल्ट), नाहीतर सरळ जमिनीवर उभी फ्रेम. पाठीमागे एक इंच मोकळं, खाली चार इंचांचे पाय, दारांना वर-खाली जाळी, म्हणजे हवा फिरते आणि बुरशी धरत नाही.

आत काय जाणार त्याचीही यादी आधीच करा. विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरची पिशवी हत्यारांच्या कपाटात कधीच नको, तिच्यातून क्लोरीन सुटतो आणि पाने, ड्रिल बिट सगळं गंजतं, आणि अ‍ॅसिडच्या बाटलीशेजारी तर मुळीच नको. ती वेगळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात, बाहेर छपराखाली. पेट्रोलचा कॅन गॅरेजमध्ये ठेवू नका, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. पुरुमेंताचे (पावसाळ्यासाठी साठवलेले) तांदूळ आणि कोकम घरात जागा नाही म्हणून गॅरेजच्या कपाटात जातात, तर त्यासाठी रंग-थिनरपासून लांबचं, घट्ट दाराचं एक कपाट सुरुवातीलाच वेगळं मोजून घ्या.