रात्रीची मारामारी टिपताना: आधी प्रकाशाची दिशा, मग लेन्स

सोलापुरात लघुपट, जाहिराती आणि बेताच्या खर्चाचे चित्रपट यांचे छायाचित्रण करताना, या कामाकडे नव्याने वळलेली मुले-मुली मला हमखास विचारतात, की रात्रीच्या मारामारीसाठी कोणती लेन्स घ्यावी. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. प्रकाश कोणत्या बाजूने येणार, हा पहिला. कोण कोणाच्या अंगावर धावून गेला आणि फटका कुठून कुठे गेला, हे प्रेक्षकाला चेहऱ्यावरच्या उजेडापेक्षा शरीराच्या उजळलेल्या कडेवरून आणि मागच्या पार्श्वभूमीवरून अधिक चटकन कळते.

म्हणून मुख्य दिवा मी पात्रांच्या मागे, उंचावर आणि किंचित एका बाजूला ठेवतो. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रमाग कारखान्यांच्या गल्ल्या यासाठी सोयीच्या आहेत, कारण मालकाची परवानगी मिळाली की छतावर स्टँड उभा करता येतो. मागून येणारा प्रकाश खांदे, केस आणि हवेत उडालेली धूळ उजळतो. मागच्या भिंतीवर एक मंद दिवा वेगळा सोडला, तर काळ्या शर्टातला माणूस काळोखात हरवत नाही. समोरून थर्माकोलवर आपटवलेला किंवा मांजरपाटातून गाळलेला प्रकाश पुरतो, आणि तोही मुख्य दिव्यापेक्षा दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) कमीच असावा. कापडाच्या या शहरात मांजरपाटाची अडचण कधी पडत नाही, ही आपली जमेची बाजू.

दिवा किती दूर ठेवायचा, याचा विचार मात्र संवादाच्या दृश्यापेक्षा वेगळ्या रीतीने करावा लागतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. दिवा २ मीटरवर असेल आणि नट मार खाऊन आणखी २ मीटर मागे फेकला गेला, तर एकाच शॉटमध्ये दोन स्टॉपचा फरक पडतो आणि तो माणूस जवळजवळ विझतो. तोच दिवा ८ मीटरवर असेल, तर तेवढ्याच हालचालीत फरक पाऊण स्टॉपपेक्षाही कमी राहतो. त्यामुळे जवळ ठेवलेल्या चार छोट्या दिव्यांपेक्षा लांबचा एक मोठा दिवा भाड्याने आणणे मला नेहमी योग्य वाटते, मग तो पुण्याहून मागवावा लागला तरी चालेल.

आता लेन्स. एफ १.४ ची लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे आणि प्रकाश जास्त) रात्रीसाठी उत्तम, असे सर्रास सांगितले जाते. स्थिर बसलेल्या माणसासाठी ते खरेही आहे. पण फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फोटो फिल्मएवढ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.४ वर ठेवली आणि नट ३ मीटरवर असेल, तर फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम १० सेंटीमीटर असते. त्यात धावणारा माणूस पकडणे फोकस सांभाळणाऱ्या अनुभवी सहायकालाही (फोकस पुलर) जड जाते. त्याच अंतरावर ३५ मिलिमीटर आणि एफ २.८ घेतले, तर ही खोली सव्वा मीटरच्या आसपास जाते. म्हणून झटापटीच्या मुख्य शॉटसाठी मी ३५ घेतो आणि जवळ जातो, कारण कॅमेऱ्याकडे येणारी हालचाल त्यात अधिक वेगवान भासते. ८५ राखून ठेवतो ती फटक्यासाठी. कॅमेरा लांब नेऊन मार खाणाऱ्याच्या खांद्यामागून, मूठ जवळपास लेन्सच्या रेषेत येईल असा कोन साधला, की मूठ आणि गाल यांच्यातले सुरक्षित अंतर दिसेनासे होते. हा कोन फाइट मास्टरसोबत तालमीतच ठरवावा.

एफ २.८ मुळे गेलेले दोन स्टॉप आयएसओमधून, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनक्षमता वाढवून, भरून काढता येतात, पण आपल्या कॅमेऱ्याला मूळ आयएसओच्या (ज्यावर चित्र सर्वांत स्वच्छ येते) दोन पातळ्या असतील, तर त्या माहीत असाव्यात. उदाहरणार्थ, सोनी एफएक्स३ या कॅमेऱ्यावर एस-लॉग३ या चित्रमुद्रणाच्या प्रकारात त्या ८०० आणि १२,८०० आहेत. अशा वेळी अधलीमधली पातळी धरण्यापेक्षा १२,८०० वर जाऊन लेन्सचे तोंड थोडे मिटवलेले बरे. शटर १/२५ सेकंदावर नेऊन उजेड वाढवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यात फटका दिसतच नाही, नुसता फराटा उमटतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर १/५० हेच ठेवावे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने रस्त्यावरचे आणि दुकानांतले अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि १/५० किंवा १/१०० या शटरवर ती फडफड सहसा दिसत नाही. स्लो मोशन घ्यायचे असेल, तर ५० फ्रेम आणि १/१०० वर थांबावे, किंवा चौकटीतले गावचे दिवे बंद करवून फक्त आपलेच, फडफड नसलेले दिवे वापरावेत. मांडववाल्यांकडून आणलेले स्वस्त एलईडी तिथेच चाचणी घेतल्याशिवाय लावू नयेत.

रस्ता ओला केला की मागचा प्रकाश जमिनीवरून परततो आणि काळाकुट्ट डांबरी पट्टाही चौकटीत बोलू लागतो. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे यासाठी पिण्याचे पाणी ओतणे मला पटत नाही. विंधन विहिरीच्या पाण्याचा टँकर सांगावा आणि चौकटीत येणारा पट्टाच भिजवावा. टँकर येण्याआधी केबलचे सगळे जोड जमिनीपासून वर बांधून घ्यावेत, गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर लावून तो दाबून पाहावा, आणि नटांना ओल्या जागेवर आधी चालवून, मगच पळवावे.