सॉफ्ट-कोअरवर फर्मवेअर चालत नाही? या चुका टाळा

एफपीजीए म्हणजे हवं ते सर्किट आत भरता येणारी चिप; तिच्यात असं उभारलेला प्रोसेसर म्हणजे सॉफ्ट-कोअर आणि त्यावर चालणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची सर्किटची फाइल) व्यवस्थित गेलाय, बोर्डावरचा 'डन' एलईडी पेटलाय आणि सिरियल टर्मिनल मात्र ढिम्म. अशा वेळी पहिला संशय केबलवर जातो. माझाही गेला. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला आणि नवीन यूएसबी-सिरियल मॉड्यूल मागितलं. काउंटरवरच्या काकांनी माझं जुनंच हातात घेतलं, त्याच्या टीएक्स-आरएक्स पिना वायरीच्या तुकड्याने जोडल्या आणि की-बोर्डवर चार अक्षरं बडवली. चारही स्क्रीनवर परत आली. "चालतंय की हे, साहेब. दुसरीकडे बघा." मॉड्यूलचे पैसे वाचले, पण त्याआधीचे दोन दिवस गेले ते गेलेच. माझं फर्मवेअर ब्लॉक रॅमपर्यंत, म्हणजे एफपीजीएच्या आतल्या मेमरीपर्यंत, पोचलंच नव्हतं.

चूक क्षुल्लक होती. व्हेरिलॉग या सर्किट लिहिण्याच्या भाषेत रीडमेमएच ही आज्ञा हेक्स फाइल वाचून मेमरी भरते; तिला मी नुसतं फाइलचं नाव दिलं होतं. विवाडो हे टूल सिंथेसिस (कोडचं सर्किट बनवणं) चालवतं एका फोल्डरमधून, सिम्युलेशन दुसऱ्याच. सिम्युलेशनला फाइल सापडली, सिंथेसिसला नाही, आणि टूलने त्याची नोंद केली शेकडो वॉर्निंगच्या गर्दीत. एरर नाहीच. बोर्डावर मेमरी सगळी शून्य राहिली. रिस्क-फाइव्ह या सूचनासंचात सगळे बिट शून्य असलेली सूचना मुद्दामच बेकायदा ठरवलेली आहे, त्यामुळे कोअर पहिल्याच पावलाला अडकतो. तेव्हापासून पूर्ण पाथ देतो आणि लॉगमध्ये हेक्स फाइलचं नाव शोधल्याशिवाय बोर्डाला हात लावत नाही.

फाइल सापडली तरी आत काय गेलं, हा प्रश्न उरतोच. पिकोआरव्ही३२ हा रिस्क-फाइव्ह कोअर आणि १६ केबी रॅम घ्या. रॅम शून्य पत्त्यापासून सुरू होते, स्टॅक (प्रोग्रॅमची तात्पुरती मेमरी) वरच्या टोकाला. म्हणजे स्टार्टअप कोडची पहिली सूचना स्टॅक पॉइंटर भरणारी, हेक्समध्ये ००००४१३७. कंपाइल केलेला प्रोग्रॅम दुसऱ्या फॉरमॅटमध्ये देणाऱ्या ऑब्जकॉपी या टूलला व्हेरिलॉग फॉरमॅट मागितला, तर ते मूळ सवयीप्रमाणे एकेक बाइट सुटा लिहितं: ३७ ४१ ०० ००. तुमची मेमरी ३२ बिट रुंद असेल, तर रीडमेमएच प्रत्येक बाइटला अख्खा वर्ड देऊन मोकळं होतं. पहिला वर्ड ००००००३७ होतो. गंमत म्हणजे ही सूचना कायदेशीर आहे, फक्त काहीच करत नाही. दुसरा वर्ड ००००००४१, तो मात्र साध्या ३२ बिटी कोअरला कळत नाही. म्हणजे ट्रॅप (न कळलेल्या सूचनेवर कोअरचं थांबणं) ४ या पत्त्यावर. बाइट उलटे लागले असतील तर पहिला वर्ड ३७४१०००० होतो आणि ट्रॅप थेट शून्यावर. म्हणून ट्रॅपची पिन एलईडीला जोडा आणि सिम्युलेशनमध्ये ट्रॅप नेमका कुठल्या पत्त्यावर येतो ते पाहा. अर्धं निदान तिथेच होतं.

त्याच फाइलमधल्या @ च्या ओळीही (पुढचा डेटा कुठल्या पत्त्यावर ते सांगणाऱ्या) फसवतात. ऑब्जकॉपीचा पत्ता बाइटमध्ये मोजलेला, रीडमेमएच त्याला अ‍ॅरेचा क्रमांक समजतं, म्हणजे सेक्शन चौपट लांब जाऊन पडतो. मी ऑब्जकॉपीकडून साधी बायनरी घेतो आणि पायथनच्या दहा ओळींत चार-चार बाइट जोडून वर्ड बनवतो. ती स्क्रिप्ट मात्र दुसऱ्या कोअरच्या प्रोजेक्टमधून डोळे मिटून उचलू नका. आपल्या पवईच्या आयआयटीतला 'अजित' प्रोसेसर स्पार्क व्ही-८ घराण्यातला, म्हणजे बिग-एंडियन: वर्डमधला मोठा बाइट आधी. रिस्क-फाइव्हचा क्रम नेमका उलटा.

कोड बदलला तरी जुनाच प्रोग्रॅम चालतो? हेक्स फाइल प्रोजेक्टमध्ये घेतलेली नसेल, तर तिच्यातला बदल टूलला कळतच नाही. दरवेळी पूर्ण सिंथेसिस नको असेल तर तयार बिटस्ट्रीममधली मेमरीच बदलायला विवाडोत अपडेटमेम आहे, आइस४० या एफपीजीएसाठी आइसब्रॅम.

सगळ्यात जास्त छळणारी चूक वेगळीच आहे: बोर्ड चालू केला की प्रोग्रॅम उत्तम चालतो, रिसेटचं बटण दाबलं की वेड्यासारखा वागतो. रिसेट होतो प्रोसेसर. ब्लॉक रॅम पुन्हा भरली जात नाही. ग्लोबल व्हेरिएबलची सुरुवातीची किंमत हेक्स फाइलमधून एकदाच आली होती आणि प्रोग्रॅमने ती केव्हाच पुसली. लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोड-डेटा मेमरीत कुठे बसेल ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) डेटा सेक्शनची, म्हणजे या सुरुवातीच्या किमतींची, मूळ प्रत वेगळी ठेवा, स्टार्टअप कोडने ती दरवेळी कॉपी करू दे, बीएसएस (शून्यापासून सुरू होणारी व्हेरिएबल) शून्य करू दे. आइस४० घराण्यातल्या यूपी५के चिपवर तर पर्यायच नाही. तिथली १२८ केबी एसपीरॅम बिटस्ट्रीममधून भरताच येत नाही, फर्मवेअर फ्लॅशमधून आणून टाकावं लागतं.

कंपायलरचा मार्च फ्लॅगही (प्रोसेसरच्या कुठल्या सूचना वापरायच्या ते सांगणारा) एकदा पाहून घ्या. पिकोआरव्ही३२ मध्ये गुणाकार आणि कॉम्प्रेस्ड सूचना मुळात बंद असतात. तुम्ही या दोन्ही धरून चालणारं आरव्ही३२आयएमसी दिलं असेल, तर मेमरी अगदी बरोबर भरूनही ट्रॅप होणारच, आणि तुम्ही मात्र हेक्स फाइल उकरत बसाल.