कंत्राटी भरतीच्या काळात गोव्यातील पगारदाराने आपली बाजू कशी सांभाळावी

वेर्णे, कुंडई किंवा थिवी येथील औद्योगिक वसाहतीत दहा-बारा वर्षे नोकरी केलेल्या माणसाच्या हळूहळू एक गोष्ट लक्षात येते. खात्यातून जे निवृत्त झाले त्यांच्या जागी कायम माणूस आलाच नाही, कंत्राटदाराची माणसे आली, आणि आपली पगारवाढ महागाईच्या मागे पडत गेली. अशा वेळी वाड्यावर आणि बसथांब्यावर पहिले बोट ‘भायल्यां’कडे, म्हणजे बाहेरून आलेल्यांकडे, उठते. मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये अनेक वर्षे हजेरी सांभाळली आहे. त्या काळात दोन वेगवेगळे हजेरीपट माझ्या टेबलावर असत. कायम कामगार कार्ड टेकवून आत जात आणि त्यांचा एक-एक मिनिट मोजला जाई. कंत्राटी कामगारांची वही मात्र कंत्राटदाराचा माणूस महिन्याच्या अखेरीस एका बैठकीत भरून आणी, सगळ्या रकान्यांत एकाच शाईने आठ तास लिहिलेले असत, आणि तीच माणसे सकाळी आठला आत शिरून रात्री आठला बाहेर पडताना मी रोज पाहत असे. त्या वहीने मला जे शिकवले तेच येथे सांगायचे आहे. मालकाला परका माणूस हवा असतो असे नाही, त्याला तक्रार करू न शकणारा माणूस हवा असतो. असा माणूस शेजारी उभा राहिला की तक्रार करू शकणाऱ्याचाही भाव उतरतो. म्हणून आपला पगार वाचवायचा असेल तर आपली आणि त्याची, दोघांचीही कागदपत्रे वाचता आली पाहिजेत.

कोण परप्रांतीय, कोण बेकायदेशीर

ओडिशा, बिहार, झारखंड किंवा कर्नाटकातून आलेला कामगार भारताचा नागरिक आहे, आणि देशात कोठेही राहण्याचा व काम करण्याचा हक्क त्याला संविधानाच्या 19व्या अनुच्छेदाने दिलेला आहे. त्याला बेकायदेशीर म्हणणे चूक आहे, आणि तक्रार अर्जात तसे लिहिले तर अर्जाचाच जोर जातो. 2024 साली गोव्यातील औषध कंपन्यांच्या भरतीच्या मुलाखती महाराष्ट्रात बोईसर येथे ठेवल्या गेल्या तेव्हा येथे मोठा संताप उसळला. तो संताप मला आजही रास्त वाटतो, कारण जमीन, पाणी आणि वीज गोव्याची वापरायची आणि येथील पदवीधरांना मुलाखतीची जाहिरातही दिसू द्यायची नाही, हे योग्य नव्हे. परंतु खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना कायद्याने आरक्षण देण्याची वाट सोपी नाही. हरियाणाने 75 टक्क्यांचा तसा कायदा केला होता, तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द ठरवला. त्या आश्वासनाच्या भरवशावर बसून राहू नये.

परदेशी नागरिकाची गोष्ट वेगळी आहे. पर्यटन व्हिसावर आलेल्या माणसाला येथे नोकरी किंवा धंदा करता येत नाही. नोकरीच्या व्हिसासाठी वार्षिक 16.25 लाख रुपये पगाराची किमान अट आहे, तिला परदेशी पद्धतीचे स्वयंपाकी आणि इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक अशा थोड्यांचाच अपवाद आहे, आणि ज्या सर्वसाधारण कामासाठी भारतीय माणसे मिळतात त्या कामासाठी हा व्हिसा देऊच नये, असे सरकारचे धोरण आहे. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर रिसेप्शन किंवा सहलींची व्यवस्था पाहणाऱ्या गोमंतकीय तरुणाने हा नियम माहीत करून घ्यावा, कारण तो त्याच्याच पोटासाठी केलेला आहे. तिसरा गट सीमा चोरून ओलांडलेल्या आणि बनावट कागदांवर राहणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला आहे. येथे लक्षात ठेवावे की आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, आणि बोलीवरून किंवा नावावरून कोणाचे नागरिकत्व ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. बंगाली बोलणारे कोट्यवधी लोक भारताचे नागरिक आहेत. संशय असेल तर पोलिसांना लेखी कळवावे, आपण कोणाच्या खोलीवर जाऊन कागद मागू नयेत. आखातात पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवून वर्षानुवर्षे राबलेली माणसे गोव्याच्या कितीतरी घरांत आहेत. अडकलेल्या माणसाला किती कमी पैशांत राबवता येते, हे आपल्याला त्यांनाच विचारता येईल.

पगारपत्रक समोर घेऊन बसा

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील एक तरतूद पगारदारासाठी फार मोलाची आहे. घरभाडे, वाहन अशा वेतनातून वगळल्या जाणाऱ्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरची रक्कम वेतनातच धरावी लागते. माझ्या नात्यातील एका केमिस्ट मुलीचे पगारपत्रक मी अलीकडे पाहिले. एकूण 24,000 रुपये, त्यात मूळ वेतन अवघे 8,000 आणि बाकीचे 16,000 घरभाडे व वाहन भत्ता. भविष्य निर्वाह निधी 8,000 वर कापला जात होता, म्हणजे 12 टक्क्यांनी 960 रुपये. नव्या व्याख्येप्रमाणे वेतन 12,000 धरावे लागते आणि कपात 1,440 होते. हातात येणारी रक्कम घटते म्हणून ती प्रथम नाराज झाली, परंतु मालकालाही तेवढीच भर घालावी लागते हे तिला दाखवले. उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हिशोब तर अधिक बोलका आहे. दहा वर्षांच्या नोकरीला 8,000 च्या वेतनावर सुमारे 46,150 रुपये मिळतात आणि 12,000 च्या वेतनावर सुमारे 69,230. सूत्र सोपे आहे: शेवटचे मासिक वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षे. हा हिशोब प्रत्येकाने स्वतः कागदावर मांडावा. मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता पाच वर्षे थांबावे लागत नाही, एका वर्षानंतर उपदानाचा हक्क मिळतो. ‘विशेष भत्ता’ नावाखाली सर्वांना सरसकट दिली जाणारी रक्कम निधीच्या हिशोबातून वगळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच स्पष्ट केलेले आहे.

निधीचे पासबुक दर तीन महिन्यांनी उघडून पाहावे. पगारातून कापलेली रक्कम खात्यात जमाच झाली नाही, असे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. वेतन 21,000 रुपयांपर्यंत असेल तर राज्य कामगार विम्याची कपातही तपासावी, त्यात कामगाराचा वाटा 0.75 टक्के आणि मालकाचा 3.25 टक्के असतो.

हुद्द्याच्या नावाला भुलू नका

मध्यमवर्गीय नोकरदाराची सर्वांत मोठी फसगत येथे होते. नियुक्तिपत्रावर ‘एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘ऑफिसर’ असे लिहिलेले असते, घरी आनंद होतो, आणि मग तोच शब्द त्याच्याविरुद्ध वापरला जातो. औद्योगिक संबंध संहितेनुसार व्यवस्थापकीय काम करणारा, किंवा देखरेखीचे काम करून महिना 18,000 रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही. म्हणजे नोकरकपातीच्या वेळी भरपाई, औद्योगिक न्यायाधिकरण आणि संघटनेचे संरक्षण त्याच्या हातून निसटते. मात्र न्यायालये हुद्द्याचे नाव पाहत नाहीत, प्रत्यक्ष काम पाहतात. ज्याला कोणाची रजा मंजूर करता येत नाही, कोणावर कारवाई करता येत नाही, जो दिवसभर नमुने तपासतो किंवा संगणकावर नोंदी भरतो, तो ‘ऑफिसर’ म्हणवला गेला तरी कामगार ठरू शकतो. यासाठी पुरावा आधीपासून जमवावा लागतो. आपल्याला रोज कोणते काम सांगितले जाते, कोणाच्या सहीवाचून आपण काय करू शकत नाही, याच्या तारखेसह नोंदी घरी ठेवा. (कंपनीची गोपनीय कागदपत्रे मात्र घरी आणू नका, त्यावरूनच नोकरी जाते.) किमान वेतन आणि वेळेवर पगार यांचा कायदा आता सर्वच कर्मचाऱ्यांना लागू आहे, मग हुद्दा कोणताही असो. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत झाला पाहिजे.

कंत्राटदाराची वही कशी वाचावी

कंत्राटी कामगारांविषयीच्या नव्या तरतुदी पन्नास किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतात, पूर्वी ही मर्यादा वीस होती. त्यांनुसार आस्थापनाच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे. सफाई, पहारा, कॅन्टीन, माल चढवणे-उतरवणे अशी कामे मुख्य धरली जात नाहीत, आणि कामाचा अचानक वाढलेला भार उरकण्यासाठीही सूट आहे. कंपन्या याच फटीतून माणसे आत घेतात. औषधाच्या गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात गोळ्यांच्या यंत्रावर तीन-तीन वर्षे तीच कंत्राटी माणसे उभी असतील, तर त्याला अचानक वाढलेला भार म्हणता येत नाही, आणि तक्रारीत नेमके हेच लिहावे: यंत्र कोणते, पाळी कोणती, माणसे किती, किती काळापासून. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे कंपनीवर, येते. जादा तासांची मजुरी दुप्पट दराने द्यावी लागते. या दोन्ही गोष्टी खरोखर अमलात आल्या तर कंत्राटी माणूस स्वस्त राहत नाही, आणि कायम जागा रिकाम्या ठेवण्यात मालकाला फायदा उरत नाही. त्याच्या वहीतील चार चोरलेल्या तासांसाठी कायम कामगाराने तक्रार करावी, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

अपेक्षा मात्र माफक ठेवावी. कंत्राट बेकायदेशीर ठरले तरी कामगार आपोआप कायम होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्टील ॲथॉरिटीच्या प्रकरणात सांगितले आहे. कंत्राट केवळ नावापुरते होते आणि खरा हुकूम कंपनीच देत होती, हे सिद्ध करता आले तर गोष्ट वेगळी. नोकरकपात किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादाही आता शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली आहे, त्यामुळे लहान-मध्यम कारखान्यांतील नोकरदाराला हे कवच उरलेले नाही.

तक्रार कोठे आणि कशी

प्रथम माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. पणजीत पाट्टो येथील श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. आपल्या कंपनीत कोणकोणत्या कंत्राटदारांना परवाना आहे, किती कामगारांसाठी आहे, आणि शेवटची तपासणी केव्हा झाली, एवढेच तीन प्रश्न विचारावेत. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. परवाना साठ माणसांचा आणि फाटकातून रोज एकशे दहा आत जात असतील, तर तो आकडाच तुमची तक्रार होतो. परवान्याबाहेरच्या त्या पन्नास जणांत कोणी कागदपत्रांविना आलेला परदेशी असेल, तर तोही याच तपासणीत उघड होईल, आणि त्याला आणणाऱ्याचे नाव त्याच्याबरोबर नोंदले जाईल.

अर्ज एकट्याने करू नये. पाच-सात जणांच्या सह्या घ्याव्यात, शक्य असेल तर कंत्राटी कामगारांपैकीही दोघांच्या, आणि पोचपावतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. राजीनामा द्यायची वेळ आली, तर शेवटच्या हिशोबाच्या कागदावर ‘माझे कोणतेही येणे बाकी नाही’ हे वाक्य असते ते वाचल्याशिवाय सही करू नका. नोकरी सुटल्यावर वेतनाचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करणे मालकावर बंधनकारक आहे, म्हणून ‘आज सही केली नाही तर पैसे अडकतील’ असे कोणी म्हणाले तर तो कागद घरी वाचायला मागा, आणि रक्कम कमी असेल तर सहीच्या वर ‘हरकत राखून स्वीकारले’ असे आपल्या हाताने लिहा.