घरीच धारेचा दगड बनवताय? या चुका टाळा

सोलापुरात दगडाला तोटा नाही. बांधावर, ओढ्यात, विहिरीच्या खोदाईतून निघालेल्या ढिगात, बघाल तिकडे काळा पाषाण. त्यामुळे हात आधी त्याच्याकडेच जातो आणि पहिली चूक तिथेच होते.

काळा दगड टणक, म्हणजे धारेला चांगला, हा समज आधी सोडा. हा बसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यातल्या मुख्य खनिजांची कठिणता मोहस मापावर (खनिजांच्या कठिणतेचं १ ते १० चं माप) ५ ते ६ च्या घरात आणि चांगलं पाणी दिलेलं पोलादही त्याच्याच आसपास. खुरपं किंवा ज्वारी काढायचा विळा यांचं लोखंड मऊ असतं, म्हणून ते धुण्याच्या दगडावरही कामापुरतं पाजवता येतं. कडक स्टेनलेसची सुरी मात्र तासभर घासली तरी नुसती चकाकते. पोलाद कापायला त्याहून कठीण, बारीक आणि एकसारखे कण लागतात. गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, कठिणता ७. अमेरिकेतल्या आर्कान्साचा नावाजलेला धारेचा दगड म्हणजे अतिशय बारीक कणांची गारच. बेल्जियमच्या पिवळ्या दगडात हेच काम गार्नेट या कठीण खनिजाचे कण करतात.

पांढऱ्या ठिपक्यांचा बसाल्ट तर घेऊच नका. ठिपके एका कठिणतेचे, भोवतालचा दगड दुसऱ्या. झीज सारखी होत नाही. शहाबादी फरशीचा तुकडा सपाट आयता मिळतो, म्हणून मोह होतो. पण तो चुनखडक, कठिणता ३. कडप्पा आणि कोटाही त्याच जातीचे. ओळख सोपी आहे: दगड खरवडून भुकटीवर लिंबू पिळा, बुडबुडे आले की समजा चुनखडक.

मग घ्यायचं काय? फरशीच्या दुकानात राजस्थानी सँडस्टोनचे उरलेले तुकडे मागा. त्यात गारेचे कण असतात. नखाने खरवडल्यावर वाळू सुटली तर तो तुकडा नको. पारख जुन्या सुरीच्या पात्यावर करा. दगडाची कड दाबून ओढा आणि पात्यावरची रेघ पुसा. पुसली गेली तर ती दगडाचीच भुकटी होती. पुसूनही नखाला लागली तर दगडाने पोलाद कापलंय, तो ठेवा. नदीपात्रातली गारगोटी शेवटच्या झिलईला छान, पण ती हाताने सपाट करायला कित्येक दिवस जातात. द्राक्षाच्या छाटणीच्या कात्रीपुरता लहान तुकडाच घ्या. आणि एक कळकळीची विनंती: भुईकोट किल्ल्याचा निखळलेला दगडसुद्धा उचलू नका. तो तिथेच राहू द्या.

सगळ्यात जास्त दगड वाया जातात ते सपाट करताना. दोन दगड एकमेकांवर घासले की दोन्ही सपाट होतील असं वाटतं. मीही तसंच केलं होतं. तीन संध्याकाळ घासल्यावर एक दगड बशीसारखा खोलगट झाला आणि दुसरा तिच्यात बरोबर बसेल असा फुगीर. दोघं एकमेकांना चिकटून बसत होते, म्हणून चूक लवकर लक्षातच आली नाही. त्यासाठी तिसरा दगड लागतो. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर, अशी पाळी लावायची. तिन्ही एकमेकांना सगळीकडे टेकतात तेव्हाच ते खरोखर सपाट असतात. एवढा वेळ नसेल तर जाड काच टेबलावर ठेवा, तिच्यावर ८० किंवा १२० नंबरचा वॉटर पेपर पसरा आणि पाणी घालून घासा. दोन्ही पद्धतींत आधी दगडावर पेन्सिलने उभ्या-आडव्या रेघा मारा. जिथे रेघ उरते तिथे खळगा आहे.

कोरडं घासू नका. गारेची धूळ फुफ्फुसात जात राहिली की सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो आणि तो बरा होत नाही. मध्य प्रदेशात मंदसौरच्या पाटीच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांना याच धुळीने हा आजार जडला. वायरच्या ग्राइंडरवर पाणी ओतणं हा उपाय नाही, शॉक बसेल. हाताने, पाण्यात, सावकाश. वाळलेला चिखल झाडूने न काढता ओल्या फडक्याने पुसा.

ओला दगड चुलीवर किंवा शेगडीवर वाळवू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. एप्रिल-मेच्या उन्हातही नको, थराचा दगड तडकतो. सावलीत राहू द्या. तेलाचीही घाई नको. सच्छिद्र दगडात एकदा तेल मुरलं की त्यावर पुन्हा पाणी नीट चालत नाही, म्हणून सुरुवात पाण्यानेच करा.

चांगला चाललेला दगड मध्येच सुरीवरून घसरायला लागला तर त्याची छिद्रं लोखंडाच्या भुकटीने बुजलेली असतात. वॉटर पेपरवर पाच मिनिटं घासा, तो पुन्हा चावायला लागतो. पात्यावर एकच खोल ओरखडा सारखा उमटत असेल तर दगडात कुठेतरी गारेची रेघ किंवा एखादा जाड कण आहे. बोट फिरवून सापडला तर टोकदार खिळ्याने टोचून काढा, रेघ असेल तर तो दगड खुरप्याला ठेवा. ओरखडे नुसते कडेला येत असतील तर दगडाच्या चारही कडा घासून गोल करायच्या राहिल्यात.