कामांचा डोंगर समोर उभा राहतो तेव्हा

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच विजेचे बिल, आईच्या रक्तदाबाच्या संपत आलेल्या गोळ्या, मुलाचा अभ्यास आणि कार्यालयातले अर्धवट काम हे सारे एकदम डोक्यात गर्दी करते, आणि सुरुवात कुठून करावी हेच सुचेनासे होते. अशा वेळी कशालाही हात घालण्याआधी दोन मिनिटे खुर्चीत टेकावे. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडावा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून तो भाग लांबवायचा.

मग एक पाठकोरा कागद घ्यावा. मोबाईल नकोच, कारण तो उघडताच नवे निरोप समोर येतात. मनात घोळणारे सगळे, अगदी ‘दळण आणणे’सुद्धा, त्यावर उतरवावे आणि आज न केल्यास खरोखर अडेल अशाच कामांभोवती गोल करावा. सकाळची गोळी शिल्लक नसेल तर ती आजच आणावी लागेल. बिलाची मुदत चार दिवसांनी असेल तर पुढे तारीख लिहून ते मनातून सोडून द्यावे. माझ्या कागदावर बारा नोंदींपैकी बहुधा दोन-तीनच गोल उरतात. उरलेल्यांपैकी एखादे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला निःसंकोचपणे सांगावे.

झोप, भूक किंवा कामातले लक्ष दोन आठवडे बिघडलेलेच राहिले, तर मात्र डॉक्टरांना भेटावे किंवा केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलावे. तिथे मराठीतून, रात्री-अपरात्रीही बोलता येते.