थीसिसमध्ये बॅक्टेरियाचं नाव लिहायच्या आधी एवढं बघा

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला माझा प्रोजेक्ट तुरीच्या मुळांजवळच्या मातीवर होता. फॉस्फेट विरघळवणारे बॅक्टेरिया शोधायचे, पिकोव्हस्काया अगारवर ज्या कॉलनीभोवती क्लिअर झोन दिसतो ती उचलायची, परत परत स्ट्रीक करून प्युअर करायची आणि मग १६एस सिक्वेन्सिंगला (ओळख पटवायला एका ठराविक जीनचा क्रम वाचून घ्यायला) पाठवायची. सगळ्यात चांगल्या आयसोलेटचा (मातीतून वेगळ्या काढलेल्या बॅक्टेरियाचा) रिपोर्ट आला तेव्हा ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स डेटाबेसशी जुळवून बघणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सगळ्यात वर बॅसिलस आर्यभट्टाई होता आणि लगेच खाली, जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी, बॅसिलस मेगाटेरियम. मी वरचं नाव उचललं आणि रिपोर्टवर टाकलं. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "याचा टाइप स्ट्रेन कुठला? त्याच्याशी तुलना केलीस का?" मला उत्तर देता आलं नाही. आता पीएचडी संपत आलीय, मधल्या वर्षांत जे कळलं ते नवीन मुलामुलींना आधीच कळावं असं मनापासून वाटतं म्हणून लिहितेय.

आधी त्या आर्यभट्टाईचीच गोष्ट सांगते. २००५ च्या एप्रिलमध्ये हैदराबादहून एक मोठा बलून सोडला होता, हैदराबादचं ते बलून केंद्र टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) चालवतं. वरच्या वातावरणातली हवा गोळा करायची होती. त्या नळ्यांमधून जे बॅक्टेरिया वाढले ते हैदराबादच्या सीसीएमबी आणि आपल्या पुण्याच्या एनसीसीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थांनी तपासले, आणि २००९ मध्ये तीन नवीन प्रजाती जाहीर झाल्या. जॅनिबॅक्टर हॉयलाय हे नाव खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलवरून, बॅसिलस इसरोनेन्सिस इसरोवरून आणि बॅसिलस आर्यभट्टाई आर्यभटावरून. हे वाचलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं, की आकाशातला बॅक्टेरिया माझ्या तुरीच्या मातीत!

पण नाव म्हणजे नेमकं काय चिकटवलं जातं हे समजून घ्या, बाकी सगळं त्यावर उभं आहे. प्रजातीचं नाव वर्णनाला बांधलेलं नसतं, ते एका जिवंत कल्चरला बांधलेलं असतं, त्याला टाइप स्ट्रेन म्हणतात. आर्यभट्टाईचा बी८डब्ल्यू२२, मेगाटेरियमचा एटीसीसी १४५८१. तुमचा आयसोलेट अमुक प्रजातीचा आहे असं म्हणता तेव्हा तो त्या टाइप स्ट्रेनच्या पुरेसा जवळ आहे असं म्हणताय, ब्लास्टच्या पहिल्या ओळीच्या जवळ आहे असं नाही, कारण त्या ओळीत कोणीतरी चुकीचं नाव देऊन जमा केलेला सिक्वेन्सही असू शकतो. म्हणून तुलना टाइप स्ट्रेनच्या सिक्वेन्सशीच करा. १६एसमध्ये साधारण ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर नवीन प्रजाती असण्याची शक्यता धरतात, पण त्याच्या वर असेल तर एकच प्रजाती असं सिद्ध होत नाही, तिथे जीनोम (पूर्ण डीएनए) लागतो, एकच प्रजाती म्हणायला एएनआय ९५-९६ टक्के किंवा डिजिटल डीडीएच ७० टक्के (दोन जीनोम किती सारखे ते सांगणारी ही दोन मापं).

आणि आर्यभट्टाई-मेगाटेरियमचं नेमकं तेच झालं, दोघांच्या टाइप स्ट्रेनचे जीनोम शेजारी ठेवले तेव्हा ते एकच प्रजाती निघाले. मग नाव कुठलं राहणार? जे आधीचं ते. मेगाटेरियम १८८४ चं, डी बारीने दिलेलं, पण नियमाच्या दृष्टीने त्याची तारीख १ जानेवारी १९८० धरतात. त्याआधी बॅक्टेरियाच्या नावांचा एवढा गोंधळ होता की एकाच जंतूला दहा नावं आणि निम्म्यांचे कल्चरही हरवलेले, म्हणून सगळी पाटी पुसून १९८० मध्ये मंजूर नावांची यादी काढली. त्यात जे नाव नाही त्याला नियमात उभं राहायला जागा उरली नाही. झाडांच्या किंवा प्राण्यांच्या नावांत असं कधी झालं नाही आणि मला हा निर्णय फार धाडसाचा वाटतो. तर मेगाटेरियम यादीत होतं, आर्यभट्टाई २००९ चं, म्हणून ते मेगाटेरियमचं उत्तरकालीन समानार्थी नाव ठरलं. वर २०२० मध्ये हा गटच बॅसिलसमधून काढून प्रिस्टिया नावाच्या जीनसमध्ये नेला, म्हणून आज बरेच जण प्रिस्टिया मेगाटेरियम लिहितात.

इथे नवीन मुलं हमखास गोंधळतात, मीही गोंधळले होते, की बॅसिलस मेगाटेरियम आता चुकीचं झालं का. नाही झालं. कोड, म्हणजे बॅक्टेरियाच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली, नावं कशी द्यायची ते ठरवतो, वर्गीकरण कुठलं मानायचं ते ठरवत नाही. बॅसिलस मेगाटेरियम आणि प्रिस्टिया मेगाटेरियम ही दोन्ही नावं वैधरीत्या प्रकाशित आहेत, तुम्ही कुठलं वर्गीकरण स्वीकारलंय ते एका ओळीत सांगा आणि थीसिसभर तेच वापरा. एलपीएसएन या बॅक्टेरियाच्या नावांच्या वेबसाइटवर नाव टाकलं की टाइप स्ट्रेन, समानार्थी नावं, कुठे वैध झालं ते सगळं दिसतं, रोज उघडत जा.

नावावरून वाद झाला तर निवाडा करायला ज्युडिशियल कमिशन असतं, त्यांच्या निर्णयाला ओपिनियन म्हणतात. प्लेगचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे, मुंबईत १८९६ ला आणि पुण्यात १८९७ ला काय झालं ते आपण शाळेपासून ऐकलंय. १९८० मध्ये डीएनएच्या तुलनेवरून काही संशोधकांनी दाखवलं की प्लेगचा जंतू आणि यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस ही एकच प्रजाती आहे, म्हणून प्लेगच्या जंतूला तिची उपप्रजाती केलं. शास्त्र म्हणून मुद्दा बरोबर होता. पण लॅबमधल्या माणसाने लेबलवर प्लेगपेक्षा बऱ्याच सौम्य जंतूचं नाव, स्यूडोट्युबरक्युलोसिस, वाचलं आणि तो निर्धास्त राहिला तर? १९८५ मध्ये कमिशनने साठाव्या ओपिनियनमध्ये ते उपप्रजातीचं नाव नाकारलं आणि यर्सिनिया पेस्टिस राखलं. माणसाच्या जिवाला धोका होईल असं नाव नाकारता येतं अशी तरतूदच कोडमध्ये आहे, हे वाचून मला या नियमांबद्दल खरा आदर वाटायला लागला.

आता तुम्हालाच नवीन प्रजाती मिळाली तर. मला पीएचडीत मिठागरातून एक स्ट्रेन मिळाला जो जीनोमवरूनही वेगळा निघाला. गावावरून नाव ठेवायचं म्हणून मी शेवटी -एन्सिस लावलं आणि गाईडनी ड्राफ्ट परत केला, कारण जीनसचं नाव -बॅक्टेरियमने संपत होतं, ते लॅटिनमध्ये नपुंसकलिंगी, तिथे -एन्से हवं. आपल्याला हे जड जायला नको खरं तर, काळा घोडा, काळी गाय, काळं वासरू हे आपण विचार न करता बोलतो. लोणारच्या सरोवरातल्या सेसेंबिया लोनारेन्सिसमध्ये सेसेंबिया स्त्रीलिंगी आहे (ते सीसीएमबीवरून केलंय) म्हणून तिथे -एन्सिस चालतं. -बॅक्टर पुल्लिंगी, -मोनास आणि -एला स्त्रीलिंगी, एवढं पाठ करा.

नावापेक्षा जास्त वेळ कल्चर जमा करण्यात जातो. २००१ पासून टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या दोन सार्वजनिक कलेक्शनमध्ये असावा लागतो, तिथून कोणालाही मागवता आला पाहिजे आणि तशी सर्टिफिकेटं लागतात. आपल्याकडे पुण्याचं एनसीएमआर आहे, चंदीगडचं एमटीसीसी आहे, दुसरं मात्र परदेशातच. स्ट्रेन बाहेर पाठवताना जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो, त्याची कागदपत्रं प्रयोग चालू असतानाच सुरू करा, पेपर लिहून झाल्यावर नको, माझे त्यात खूप महिने गेले. आणि पेपर आयजेएसईएममध्ये (बॅक्टेरियाची नवीन नावं वैध करणाऱ्या अधिकृत जर्नलमध्ये) न छापता दुसऱ्या जर्नलमध्ये छापला तर नाव नुसतं प्रभावी प्रकाशित होतं, वैध होत नाही, ते आयजेएसईएमच्या व्हॅलिडेशन लिस्टमध्ये यावं लागतं आणि अग्रक्रम त्या लिस्टच्या तारखेपासून मोजतात. पेपर छापून आला म्हणून निवांत बसलेले लोक मी बघितलेत, त्यांची नावं, वैध न झाल्यामुळे, वर्षानुवर्षं अवतरणचिन्हांतच राहतात.

माझ्या मिठागरातल्या स्ट्रेनचं नाव इथे सांगत नाही, पेपर अजून रिव्ह्यूला आहे. तुरीच्या मातीतला आयसोलेट मात्र अजून मायनस ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलाय, मागच्या महिन्यात त्याचा जीनोम केला, मेगाटेरियमच्या टाइप स्ट्रेनशी एएनआय ९६ च्या वर आला, आणि ट्यूबवरचं जुनं लेबल काढून प्रिस्टिया मेगाटेरियम लिहिलं, खाली बारीक अक्षरात आर्यभट्टाई हे जुनं नावही ठेवलं, म्हणजे माझा एमएस्सीचा रिपोर्ट वाचून कोणी शोधत आलं तर त्याला सापडेल.